मोरांची पेनं

२४ सप्टेंबर, बुधवार

वितळलं! पेन ओव्हनमध्ये सरळ गेलं आणि बाहेर आलं ते कुत्र्याच्या शेपटासारखं. रिफील काढायचीही राहिली, म्हणून ट्रेभर निळी शाई. व्हिडिओतली बाई किती सहज सांगत होती – पेनावर रंगीत माती गुंडाळा, भाजा, झालं! नावाला माती, हाताला मऊ कणीक, भाजली की कडक. पण आतलं पेन कुठल्या जातीचं घ्यायचं, ते बाई बोलली नाही.

पारस येऊन बघून गेला. "दुकानातला माल असाच भाजत जाय. मंगरूळपीरचा तंदुरी पेन फेमस होऊन जाईन!" नवरा आहे की चहाच्या टपरीवरचं गिऱ्हाईक!

ओव्हन सासूबाईंनी आधीच मागच्या व्हरांड्यात हद्दपार केलाय. "ते माती माह्या सैपाकघरात नोको."

२७ सप्टेंबर, शनिवार

दुकानातल्या हरेक जातीचं एकेक पेन भाजून पाहिलं. ज्याला कोणी हात लावत नाही ते पांढरं, स्वस्तातलं – तेच टिकलं! दिसायला मेंगळट, पण गडी पक्का.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुकानात वाद. दारातली काच, म्हणजे रस्त्याकडचं ते काचेचं कपाट, येणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते. त्यातले कंपासपेट्या-डबे काढून पारसला मोबाइलची कव्हरं लावायचीत. मी म्हटलं, मला माझी पेनं लावायची आहेत. बोलून गेले आणि मीच घाबरले. लग्नाला नऊ वर्षं झाली, दुकानात माझं म्हणावं असं काही नाही. दुपारचा डबा तेवढा माझ्या हातचा जातो. ती काच मला हवीय. फार हवीय!

"पेन कोन घेते आता? सारी दुनिया अंगठ्यानं लिवून राह्यली," पारस म्हणाला.

बाबूजी गल्ल्यावर होते. मान वर न करताच म्हणाले, "दिवाळीच्या वहीपूजेले पयला श्री आपली चंदना करते त्या पेनानं लिहीन. सरसर चालला त काच तिची. अडकला त तुयी. आता गिऱ्हाईक पाहा."

सासऱ्यांनी दोन वाक्यांत सुनेचं नशीब रिफिलीला टांगलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मोर जमला! निळ्या-हिरव्या मातीच्या वळ्या एकीला एक चिकटवून जाडजूड उंडा केला. त्याच्या अख्ख्या लांबीत आत मोर. ब्लेडनं पातळ चकती काढली की मोर, दुसरी काढली की पुन्हा तोच मोर. चकती पेनावर चिकटवायची, हलक्या हातानं लाटायची, भाजायची. आठ पेनं झाली. मान, तुरा, पिसारा, सगळं!

आई, म्हणजे सासूबाई, तर लहान पोरीसारख्या खूश. आठही पेनं पदरात घेऊन शेजारच्या मनकर्णाबाईंकडे गेल्या. "आमच्या सुनेनं केले! पाहा ना व, मोर आता नाचून पडते की काय!" मनकर्णाबाईंनी एक मागूनही टाकलं – बचत गटाच्या सह्या करायला. आई म्हणाल्या, "आता नाई, काचेत लागू दे, मंग घे."

मी भिंतीआडून ऐकत होते. नऊ वर्षांत आईंच्या तोंडून माझं एवढं कौतुक पहिल्यांदा ऐकलं. दिवसभर गुणगुणत होते म्हणे मी. पारसनं सांगितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सगळं बिनसलं.

उरलेला उंडा घेऊन व्हरांड्यात बसले होते. आई तांदूळ निवडायला आल्या. मी ब्लेड टेकवलं ते नेमकं मोराच्या मानेवर.

"चंदना! मोर कापून राह्यली तू?"

मी ब्लेड बाजूला ठेवलं. मला माहीत नव्हतं असं थोडंच! माहेरी वाढदिवसाच्या केकवर ससा असला तर आम्ही तो कापत नसू. आकार जिवाचा, तर कापणाऱ्याचा भावही जीव कापण्याचाच – जैनाच्या घरात हे लहानपणीच कळतं. पण ती खायची गोष्ट आणि ही माती. डोक्यात आलंच नाही माझ्या!

"आई, नुसता रंग आहे हा."

"कापतानी तुले मोर दिसे का नाई?"

दिसत होता. नीट दिसावा म्हणून तर एवढा खटाटोप.

आई आठही पेनं डब्यात घालून आपल्या खोलीत घेऊन गेल्या. पूजेच्या ताटात काय जायचं आणि काय नाही, ते त्याच ठरवतात. गेली माझी काच.

८ ऑक्टोबर, बुधवार

आई संध्याकाळी जेवत नाहीत. परवापासून चाललंय. एकासणं म्हणे – दिवसातून एकदाच, एका बैठकीत. चातुर्मास आहे, करतात एरवीही. पण असं लागोपाठ? रुसव्याला उपासाचं नाव, दुसरं काय! माझ्या हातचं निम्मं जेवण टाळायचं. बोलणं तर "मीठ दे" एवढंच.

पारसनं विचारलं, "मंग लावू का कव्हर काचेत?" मला रडूच फुटलं. बिचारा गडबडला. "अवं, मले कव्हर लावाचे हायेत, पन तुयं रडनं नोको मले. फुलं कर ना! फुलाले कोन काय म्हनीन?" मग शेजारी बसून मातीच्या वळ्या वळायला लागला. सगळ्या जाड झाल्या. ठेवल्या तशाच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

झेंडूचा उंडा छान झाला. मग पानांचा केला. कापायला घेतला आणि आठवलं – आज अष्टमी! आज घरात हिरवी भाजी चिरत नाहीत. ब्लेड खाली ठेवलं. पारस पोट धरून हसला. "मातीची पालक बी नाई का?" हसू दे. एकदा ठेच लागली, आता खड्डा नसला तरी वळसा घालणार मी.

आईंनी दारातून पाहिलं. थोड्या वेळानं माझ्याजवळ पाण्याचा पेला ठेवून गेल्या. आपणहून ठेवला!

१८ ऑक्टोबर, शनिवार

वहीपूजेचं पेन तयार. केशरी-पिवळ्या लाटा, चित्र नाही, कापाकाप नाही. कागदावर कागद गिरवले. अडकत नाही.

आईंच्या हातात दिलं. "ठीक," म्हणाल्या. म्हणजे हो की नाही?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मंदिरात महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवला, मग दुकानात वहीपूजा. ताटावरचं वस्त्र निघेपर्यंत माझी नजर तिथून हलली नाही. होतं! हळद-कुंकवात माखलेलं, वर मौलीचा लाल पूजेचा दोरा – माझं पेन!

बाबूजींनी वहीवर टेकवलं. श्रीचा पहिला फाटा... कोरा! पुन्हा टेकवलं. कोरा! आणि गंमत म्हणजे पारसच कुजबुजत होता, "हलवा बाबूजी, जरा हलवा ना!"

"थांबा," आई म्हणाल्या. पेन घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, पदरानं टोक पुसलं. कुंकू! टोक कुंकवानं बुजलं होतं. आईंनीच भक्तिभावानं लावलेलं! मग श्री उमटला. ठसठशीत, एका दमात.

"अडकला त होता," बाबूजी गालातल्या गालात हसत म्हणाले.

पारस म्हणाला, "कुंकवानं अडकला, पेनानं नाई. काच तिची."

या माणसाशी माझं लग्न झालंय! फार बरं झालं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

झेंडूची पेनं घेऊन काच लावायला गेले, तर वरच्या खणात आधीच पेनं उभी होती. आठ मोर! दुकान उघडल्याबरोबर आईंनी ठेवले म्हणे.

मला काही कळेना. नणंद जिनल सकाळीच रिसोडहून आलीय. ती म्हणाली, "भाभी, तुमाले आईनं सांगतलं नाई? आठ एकासनी केली ना तिनं. एका मोराले एक."

मी तशीच आईंकडे गेले. "आई, कापले मी. कर्म ज्याचं त्यालाच, हे तुम्हीच सांगता ना?"

त्या करंज्या डब्यात भरत होत्या. "तू कापले. मनकर्णाबाईले मिरवून कोनं दाखवले? करनं, करवनं आन् वा-वा करनं – तिन्ही सारखेच लागते, बाई. मले नाई लागत का? झालं आता. सुटले थे मोर. इक बिनधास्त."

आणि मी त्याला रुसवा म्हणत होते. तिथंच खाली बसून रडले. आईंनी तोंडात करंजी कोंबली.

पहिला मोर मनकर्णाबाईंनी नेला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आईंनी पेनं मोजली आणि मोर आठ धरले. मी कापले होते अकरा. तीन चुरगळले म्हणून तेव्हाच गोळा करून टाकले, ते त्यांना कुठून दिसणार! सांगणार नाही. सांगितलं तर उद्यापासून पुन्हा त्याच एकासणाला बसतील.

आज त्या तिघांसाठी माझं पहिलं एकासणं. संध्याकाळी ताटावर बसले नाही, तर आई दारात येऊन उभ्या.

"काहून व? माह्यावर रुसली का?"