कोलोनला तू हवी होतीस

प्रिय अहिल्ये,

हे पत्र सोनल तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगते. सोनल, एकही वाक्य गाळू नकोस. दिसत नाही तर आई जर्मनीला जाऊन काय करणार, असं म्हणून तू सासूचं तिकीट परस्पर कॅन्सल केलंस. मी इथे ट्रॉयमध्ये बॅग भरून बसले होते. आणि अहिल्ये, नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अग्नेसना उलट उत्तरं देणारी तू, अमेरिकेत येऊन, तिकडे ईडन प्रेरीत, सुनेपुढे गप्प बसलीस. मला राग त्याचाच जास्त आला.

शेवटी लेकाला, निमिषला, घेऊन गेले. कोलोनच्या स्टेशनातून बाहेर पडलो तर समोर थेट कॅथेड्रलच. शेंडा शोधायला मान मागे टाकली आणि डोक्यावरची टोपी पडली. तो काळा दगड इतका उंच चढत जातो की वर त्याचा नुसता धूर उरतो. निमिष म्हणे, आईला गप्प बसलेलं आज पहिल्यांदा पाहिलं. दाराशी मी बूट काढले. आपल्या शाळेच्या चॅपलबाहेर काढायचो ना, तसेच. लाल झग्यातला रखवालदार बुटांकडे बघत राहिला आणि निमिष 'आई, प्लीज, घाल ते' म्हणून पुटपुटत राहिला. मी कसली घालते? मोज्यांनिशी त्या गार फरशीवर उभी होते, तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. अहिल्ये, तो कानाला नंतर ऐकू आला. आधी तळपायांतून वर चढला.

बाहेर त्याच कॅथेड्रलची ब्राँझची छोटी प्रतिकृती आहे, अंधांनी हात लावून बघण्यासाठी. मी डोळे मिटले आणि हात फिरवले. मनोरे बोटांना टोचले. छताची धार लागली, मग मागची गोलाई आणि तिला बाहेरून टेकू देणारे दगडी हात. खऱ्या इमारतीला अख्खी चक्कर मारूनही ती गोलाई मला उमगली नव्हती. निमिषनं सांगितलं, हे पुरं व्हायला सहाशेहून जास्त वर्षं लागली. म्हणजे ज्यांनी दगड घडवले, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते पुरं झालेलं दिसलंच नाही. दिसणार नाही म्हणून कुणी छिन्नी खाली ठेवली नाही. हे वाक्य, सोनल, दोनदा वाच.

दृष्टी किती गेली, ते तू मला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. तुझ्या तोंडून ऐकायची भीती वाटत होती. आता विचारणार आहे, कारण मे महिन्यात मी परत कोलोनला निघालेय आणि तू बरोबर हवी आहेस. माझ्या दंडाला धरून चाल, पुढे काय आहे ते मी सांगत राहीन. बडबडीची मला सवय आहेच. सोनल, वाचून झालं की फोन लावून तिच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा. अहिल्ये, नाही म्हणालीस तर भांडणार नाही. फक्त ते 'नाही' तुझं स्वतःचं असू दे.

तुझीच, अजून रागावलेली,
देवयानी