शोल म्हणजे धाडणं

आबा, तुमची नात आयर्लंडात नर्स आहे आणि तिला नववा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिला इकडं येणं जमत नाही, म्हणून माहेरानंच तिकडं जायचं ठरलंय. माहेर म्हणजे मी. व्हिसा आला, तिकीट आलं, सोमवारी हैदराबादहून विमान आहे.

परवा फोनवर तिनं तिकडच्या जुन्या आयरिश भाषेतला एक शब्द सांगितला. शेजारची म्हातारी तिला शिकवते. 'शोल' म्हणजे जहाजाचं शीड. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून तो आला असावा, आणि मुळात कापून घेतलेला कापडाचा तुकडा एवढाच अर्थ असावा, म्हणतात. पक्कं कुणालाच ठाऊक नाही. पुढं त्याच शब्दात शीड लावून निघणं आलं, कुणाला धाडणं आलं, गुरं हाकणं आलं. बाळंतिणीच्या अंथरुणालाही तोच शब्द लावतात. "आई, म्हणजे मी आता शिडात झोपणार बघ," म्हणून ती खिदळली. मला काही हसू आलं नाही. उमरग्यात शीड कुणी बघितलंय? मी आपली त्या धाडण्यापाशीच अडकले.

सोलापूरला नर्सिंगला माझा नंबर लागला तो दिवस अजून दिसतो. तुम्ही चुलीपुढं जेवायला बसलाय, आई भाकरी थापतीय. मी सांगते, आणि ताटातनं मान वर न करता तुम्ही म्हणता, "पोरीची जात, एवढ्या लांब न्हाय धाडायची." आई म्हणाली, "हुशार हाय वो लेकरू." "तुला इचारलं का?" झालं, विषय संपला. लई राग आला होता आबा, अजून आहे. गुरं रोज सकाळी मोकळी सोडत होता, आणि दावं तेवढं मला! मग लग्न, सासर, सगळं ह्याच तालुक्यात. आबांनी अडवलं, नाहीतर मी कुठल्या कुठं गेले असते, हे जन्मभर ज्याला त्याला ऐकवत आले. पोरीला मात्र भांडून धाडलं.

तुम्ही गेलात, आता अडवायला कोण आहे? ह्यांचं म्हणणं, "जा की बिनघोर, माझं मी बघतो." डिंकाचे लाडू झाले, बॅग भरली. पोरगी रोज विचारते, "आई, येतीस ना गं?" मी व्हय म्हणते, आणि फोन ठेवला की भरलेली बॅग पुन्हा रिकामी करते. तिथं तिला माहेरचं दुसरं कुणी नाही, हेही कळतं.

हे तुम्हाला पोचवायचं तरी कुठं? पण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. सकाळपासून मी घरात येईल त्याच्या तोंडाकडं बघतेय, आबा. कुणीतरी मला जाऊ नको म्हणावं.