कोरडं घमेलं

३ फेब्रुवारी १९९६, इंदापूर
आलो एकदाचा. चहा पाकासारखा गोड, उसाच्या ट्रकांची धूळ फुकट. मोहनरावांच्या दवाखान्यात टॉन्सिल काढायच्या पोरांना आता भूल मी देणार. राहायला वरचीच खोली. मजेत आहे.

५ फेब्रुवारी
धन्य आहेत ही माणसं. उपाशी पोटी आणा म्हटलं, तर पोराला चहात बुडवलेलं बटर चारून आणतात. ऑपरेशननंतर पोर गिळलेलं काळं रक्त ओकेपर्यंत घरातलं कुणी पाणीही पीत नाही. घमेलं धरून बसतात. ओकलं की त्यावर भंडारा टाकतात. पोर परत आलं म्हणे. ही जत्रा मी बंद करणार. उलटी होऊच न देणारं नवं इंजेक्शन माझ्या बॅगेत आहे.

९ फेब्रुवारी
एकाही पोराला उलटी नाही. मोहनराव खूश, वॉर्ड स्वच्छ, नातेवाइकांचे चेहरे मात्र सुतकी. यांना घाण हवी असते.

१२ फेब्रुवारी
बावडा गावची सहा वर्षांची स्वरूपा. ऑपरेशन झकास, दुपारभर शांत झोपली. आजी ठमाबाई मांडीवर घमेलं घेऊन उपाशी. म्हणाली, "डाक्टर, पोर सारखी गिळतीया. काय गिळतीया त्ये बगा की." लाळ गिळते, म्हटलं. "अजून वकली न्हाय," म्हणाली. मी हसलो. म्हातारीच्या समाधानासाठी मी बॅटरी घेऊन घसे तपासत फिरायचं का?

१३ फेब्रुवारी
स्वरूपा पहाटे गेली. घशातली जखम वाहत होती आणि ती झोपेत रक्त गिळत राहिली. उलटी झाली असती तर दिसलं असतं. ठमाबाई रडली नाही. कोरडं घमेलं माझ्या दारात ठेवून गेली. आता हे अडाणी लोक मलाच बोलणार.

१६ फेब्रुवारी
इंजेक्शन बंद केलं. तरी आजची पोरं ओकत नाहीत. गिळतात. भुलीत, डोळे मिटून, सगळी एकदम. गिळण्याचा आवाज मला स्पष्ट येतो. मोहनराव म्हणतात, त्यांना स्वतःला काही ऐकू येत नाही. घमेलं उकिरड्यावर फेकलं होतं. पुन्हा दारात आहे.

१८ फेब्रुवारी
घसा धरलाय. धुळीनं असेल. सारखं गिळावं लागतंय — कोमट, खारट —

१९ फेब्रुवारी
आरशात पाहिलं. जखम नाही. मग हे येतं कुठून — पोट जड झालंय. मीठपाणी प्यालो, बोटं घातली. उलटी होत नाही. भीती वाटते. फार.

२० फेब्रुवारी
ठमाबाईला निरोप धाडला. आली. माझ्या हनुवटीखाली घमेलं धरून बसलीये. पाण्याला शिवत नाही. माझ्यासाठी — वका म्हणते, डाक्टर, वका — येत नाही — ती वाकून विचारते, काय गिळताय त्ये —