अकरा पुरुषांचं हळदीकुंकू

॥ श्री ॥

विलेपार्ले (पूर्व),
वैशाख शुद्ध पंचमी, शके १८७८

सौ. कुंदास पद्मजाचा प्रेमाचा नमस्कार. थोरल्यांना दंडवत सांग, लहानांचे पापे घे, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या भाऊजींना काय सांगायचं ते तूच ठरव. सासूबाईंचे गुडघे आता जिना चढू देतात का? धाकट्याचं घामोळं गेलं का? (गेलं नसेल तर कैरीचा गर लाव. मला सध्या कैरीखेरीज दुसरं औषध सुचत नाही. का, ते पुढे कळेल.) आम्ही दोघं खुशाल आहोत. 'चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला नक्की येते' असं कार्ड टाकून तू आली नाहीस, याचा मला जराही राग नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुठे राग दिसला तर तो उन्हाचा आहे असं समजावं.

इथे येऊन पाच महिने झाले आणि तू घर पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. वरचा मजला आमचा, खाली घराचे मालक अण्णा, एकटेच असतात. अंगणात एक फणस आहे. दुपारी बिस्किटांच्या कारखान्याकडून वारा आला की सगळ्या आळीला भाजलेल्या साखरेचा वास सुटतो, आणि मग माझं काही खरं नसतं. कणीक मळता मळता हात थांबतो. वाटतं, मी आपल्या चाळीच्या गॅलरीतच बसलेय, तू समोर तांदूळ निवडतेयस, आणि आपण कुणाबद्दल तरी वाईट बोलतोय. इतकं गोड वाटतं, की मी हसतेसुद्धा. मग फणसावरची कोकिळा ओरडते आणि मला जाग येते, कारण चाळीत कोकिळा नव्हती. इथे शांतता इतकी, की दूध उतू जाण्याआधी फुसफुसतं तेही ऐकू येतं. (तरी ते उतू जातंच. ऐकू येणं वेगळं आणि उठणं वेगळं.)

तर गुढीपाडव्याला मी ह्यांना सांगून टाकलं होतं, की अक्षय्य तृतीयेपर्यंत या घराचा उंबरा एकाही बाईनं ओलांडला नाही, तर आपण परत गिरगावात जायचं. आपली खोली ह्यांच्या चुलतभावाला तात्पुरतीच दिली आहे, तो सोडेल. पण ह्यांचा जीव या घरावर किती जडलाय ते मला ठाऊक आहे. मोगऱ्याच्या पाच कुंड्या लावल्यात, रोज सकाळी कळ्या मोजून मग कचेरीत जातात. माझी अट ऐकल्यावर दोन दिवस ह्यांनी कुंड्यांना पाणीच घातलं नाही. उगाच माया वाढायला नको म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी मीच घातलं.

आता हळदीकुंकवाचं. गौर तर मी चैत्रातच बसवली होती, पण तू येशील म्हणून बोलावणं आज करू, उद्या करू, करता करता शेवटचा दिवस उजाडला. त्यातून गेल्या वर्षीच्या अधिक महिन्यामुळे यंदा सगळे सण पुढे सरकलेले. अक्षय्य तृतीया आली ती ऐन मे महिन्यात, रविवारी. या गोष्टीचा मी विचार करायला हवा होता. पण मी आदल्या रात्री डाळ भिजत घालायच्या विचारात होते, आणि डाळ मी घातली चार शेर. ओटीसाठी हरभरे वेगळेच, पाच शेर. तू म्हणशील, वेडी का खुळी? अगं, मला दुसरं मापच येत नाही. चाळीत आपण दरवर्षी चाळीस बायकांची वाटली, तेच माप हाताला लागलंय. फरक इतकाच, की तिथे तुझा पाटा, माझा पाटा आणि आठ हात असायचे. इथे मी एकटी सकाळी सातपासून वाटायला बसले, ती साडेअकराला उठले तेव्हा माझा उजवा हात आपणहून मागेपुढे होत होता.

पण आंबेडाळ झाली म्हणशील तर झकास. कैरी खिसली तेव्हा दातांना लांबूनच कळ लागली. हिंगाची फोडणी वर ओतली आणि चर्र झालं, तेव्हा कुणीतरी विचारील 'झाली का गं?' म्हणून मी मान वर केली. कुणी नव्हतं. पन्हं वाळ्याच्या माठात ठेवलं, वेलदोड्याची पूड घातली. कलिंगडाचं कमळ कापलं (चार पाकळ्या तुटल्या, त्या खाल्ल्या). गौरीपुढे चैत्रांगण काढलं, करंज्या मांडल्या, हळदीकुंकवाच्या पुड्या बांधल्या. आणि मग पदर नीट करून मागच्या दारात उभी राहिले आणि चाळीतल्यासारखी खणखणीत हाक दिली, की हळदीकुंकवाला या गं सगळ्या.

कुंदा, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, की इथे गॅलरी नाही. हाक गेली ती सरळ फणसात. समोरच्या कुंपणाशी एक शेळी होती, तिनं चावायचं थांबून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चावू लागली. आपल्याकडे कुणी कधी घरोघर बोलावणं केलंय का सांग. फोडणीचा वास हेच बोलावणं. आता दुपारचे तीन वाजलेले, बाहेर आग ओतत होती, आणि वाटलेली डाळ या उकाड्यात रात्रीपर्यंत टिकत नाही हे तुला सांगायला नको. मला रडू आलं. हे बघून ह्यांनी टोपी घातली आणि मीच बोलावणं करून येतो म्हणाले. बायकांचं बोलावणं पुरुषानं करणं, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मी विचारलं नाही. तेवढं त्राण नव्हतं.

हे गेले आणि मी गौरीपुढे जराशी टेकले, ती तिथेच डोळा लागला. स्वप्नात तुम्ही सगळ्या जिना चढून येत होतात, सगळ्यांच्या नाकांत नथी, आणि जिना काही संपत नव्हता. जागी झाले तेव्हा खरंच जिन्यात पावलं वाजत होती. मी धावत दाराशी गेले. दारात ह्यांच्या मागे दहा पुरुष उभे होते, एकामागे एक, सगळ्यांचे केस पाणी लावून बसवलेले.

झालं होतं ते असं. ह्यांनी दार वाजवावं, 'सौभाग्यवतींना हळदीकुंकवाला पाठवा' म्हणावं, आणि आतून उत्तर यावं, की ती माहेरी गेली आहे. दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. शाळांना सुट्टी लागलेली. गौर माहेरी येते म्हणून आपण तिला झोपाळ्यात बसवतो, आणि इकडे सगळी आळीच माहेरी निघून गेलेली. आता दुसरा कुणी असता तर परत आला असता. पण दार उघडून घेतल्यावर 'बरं तर' म्हणून नुसतं निघणं ह्यांना जमत नाही. (सुईदोरा विकणाऱ्यालासुद्धा हे बसवून पाणी देतात.) म्हणून प्रत्येक दारात हे म्हणाले, की मग तुम्ही या. आणि खानावळीची आमटी पंधरा दिवस खाल्लेला कुठला पुरुष असं बोलावणं मोडील? वर येताना खालच्या अण्णांनाही हात धरून आणलं. आमचे हे सोडून आलेले दहा, हे धरून अकरा.

बसले बिचारे चैत्रांगणाला वळसा घालून भिंतीशी. गौरीकडे सरळ बघावं का नाही, ते कुणाला कळेना. एकानं तिला मान लववून नमस्कार केला, साहेबाला करतात तसा. मी डाळीच्या वाट्या पुढे केल्या आणि मग मात्र खोलीत बोलणं थांबलं. चार शेर डाळ, कुंदा. चाळीस बायकांना पुरून उरायची ती दहा माणसांनी अशी संपवली, की पातेल्याच्या कडेची मी बोटानं पुसून खाल्ली. पन्ह्याचा माठ कलंडवून बघितला त्यांनी. श्यामकांत म्हणून बँकेतला एक नवपरिणीत मुलगा आहे, त्यानं चौथी वाटी घेताना विचारलं, की वहिनी, ही करायला कठीण असते का? मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि नाही म्हटलं.

आता पंचाईत पुढचीच. हळदीकुंकू लावायचं कुणाला? पुरुषांना कुठलं हळदीकुंकू. आणि बांधलेल्या पुड्या तशाच ठेवायला माझं मन घेईना. मी म्हटलं, तुमच्या तुमच्या घरच्या सवाष्णीच्या नावानं पुडी आणि हरभरे देते, ती आली की द्या. पुडीवर नाव लिहायला पेन्सिल घेतली आणि विचारलं, नाव काय? झालं. एक छताकडे बघतोय, एक पायाचा अंगठा चोळतोय. 'आमची मंडळी', 'घरातून', 'बंड्याची आई' इथवर गाडी आली, पुढे सरकेना. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, जन्मभर आम्हीच नावं घेतो, आज तुम्ही घ्यायची. उखाण्यात घेतल्याशिवाय पुडी मिळणार नाही.

श्यामकांतानं धीर केला. म्हणतो कसा: 'माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास, उत्तरा गेली माहेरी, घशात अडला घास.' चार वाट्या डाळ घशाखाली घालून हे! सगळे खो खो हसले आणि मग गाडी सुटली. मालवणचे गुणाजीराव आधी 'वयनी, माका ह्या येणा नाय' म्हणत हात जोडत होते, ते एकदम ताठ बसून म्हणाले, 'सोलकढीत घातलंय मिरची नि कोथमीर, रत्नप्रभा येयसर मनाक दितंय धीर.' (येयसर म्हणजे येईपर्यंत.) आणि डोळे पुसले. मिरचीच्या आठवणीनं असतील. असे एकेक करून नऊ जण झाले. ऊन उतरलं होतं, वारा पडला होता, खिडकीतून पिवळा उजेड गौरीच्या झोपाळ्यावर आला होता, आणि पुरुषांच्या जाड आवाजांत बायकांची नावं ऐकताना मला वाटलं, त्या सगळ्या आल्याच आहेत, नुसत्या दिसत नाहीयेत एवढंच.

अण्णा उरले होते. त्यांची बायको माहेरी गेलेली नाही, चार वर्षांपूर्वी वारली. माझ्या लक्षातच आलं नाही आणि मी पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढेही गेले. मग लक्षात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते शांतपणे म्हणाले: 'फणसाखाली सावली, सावलीत खाट, भागीरथी पुढे गेली, बघत असेल वाट.' मी पुडीवर 'सौ. भागीरथी' लिहिलं. अहेव गेलेली बाई ती, तिचं कुंकू कोण पुसणार? हरभऱ्यांची ओंजळ त्यांच्या उपरण्यात घातली.

जाताना सगळ्यांनी आपापल्या वाट्या विसळून पालथ्या घातल्या. (निम्म्या मी पुन्हा घासल्या.) दुसऱ्या दिवशी सकाळी सबंध आळीत करपलेल्या उसळीचा वास होता, यावरून हरभऱ्यांचं काय झालं ते कळलंच. तर असा सण झाला. छान झाला. आता मला इथे मुळीच एकटं वाटत नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस, सवडीनं कधी आलीस तर आलीस. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
पद्मजा

ता. क. वरची शेवटची चार वाक्यं ह्यांच्यासाठी आहेत. पत्र पेटीत टाकायला हेच नेतात आणि वाटेत वाचतात. (वाचत असाल तर इथे थांबावं, पुढे बायकांचं आहे.) दुपारी तो साखरेचा वास आला की मला अजून तसंच होतं. आणि अट पाहिलीस तर अजून पुरी झालेली नाही, उंबरा अकरा पुरुषांनी ओलांडला, बाई एकही नाही. हे रोज कळ्या मोजतात आणि माझ्याकडे बघतात. मला अट मोडायची नाही आणि ह्यांच्या कुंड्याही हलवायच्या नाहीत. म्हणून लिहिते.

ता. क. दुसरा. आज सकाळी अण्णा वर आले. मागच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या आहेत, भागीरथीबाई गेल्यापासून कुलपात. म्हणाले, परवा घरात एवढा आवाज झाला, मला बरं वाटलं. तुमच्या नात्यातलं कुणी बिऱ्हाड असेल तर बघा, परक्याला देणार नाही. मुलं मात्र हवीत, फणसावर चढणारी. तुझी दोन्ही मुलं काय काय चढलेली आहेत ते मी सांगितलं. तुम्ही सहा माणसं एका खोलीत किती दिवस काढणार? जिना नाही, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न नाही. भाऊजींची समजूत तू घाल. पुढच्या रविवारी खोल्या बघायला या.

ता. क. तिसरा, आणि हा भाऊजींना दाखवू नकोस. अण्णांना नात्यातलं हवं होतं, म्हणून मी तू माझी सख्खी बहीण आहेस असं सांगून बसले आहे. तोंडातून निघून गेलं आणि मग ते मागे घ्यावंसं वाटलं नाही. तेव्हा आल्याबरोबर 'कशी आहेस, बरी आहेस ना' असं पाहुण्यासारखं काही बोलू नकोस, त्यांना शंका येईल. सरळ भांडायला लाग. सुरुवात तू कर, माझी तयारी गुढीपाडव्यापासून आहे.