ताईच्या नाकाला वेल्डिंगची नळी

चिरंजीव मेहुण्यास भावजींचे अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधीच उरकून घेतो, कारण पुढे सगळं आमचंच रडगाणं आहे. कसा आहे गुडघा? बायको अजून कटकट करते का? (करत असेल तर देवाचे आभार मान.)

तुझ्या ताईला जरा चक्कर आली, असं मी फोनवर म्हणालो, ते खोटं. तिला अर्धांगाचा झटका आला. सकाळी चहा ओतताना उजव्या हातातून कप सुटला, तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं अडखळलं. शेजारची शिवणवाली धावत आली. म्हणाली, गाडी बोलावते, दवाखान्यात चला. पण मी पडलो चाळीस वर्षं गॅस वेल्डिंग केलेला माणूस, त्यात वाचनाची खोड (शाळा सुटली, ही सुटली नाही). मेंदूचं रक्त अडलं तर प्राणवायू देऊन मेंदू तगवता येतो का, यावर डॉक्टर लोक प्रयोग करतात, असं एका मासिकात वाचलं होतं. त्यातला ‘प्रयोग’ तेवढा मी गाळून वाचला. प्राणवायूची टाकी तर माझ्याच शेडमध्ये उभी. घरात विहीर असताना नळावर रांग कशाला?

"अहो, ती लोखंड कापायची हवा," शिवणवाली म्हणाली.

"तुम्ही तुमची काजं-बटणं बघा," मी म्हणालो.

टाकी गडगडवत आणली तर पाना सापडेना. पाना सापडला तर नळीला ग्रीस. (प्राणवायूला ग्रीस लागलं की भडका. तेवढी अक्कल शाबूत होती.) मग नवी नळी शोधली. ताई भिंतीला टेकून, डाव्या हाताने उजवा हात धरून माझी कारागिरी बघत होती. यात पाऊण तास गेला. नाकाशी जेमतेम पाच मिनिटं हवा सोडली, तोवर शिवणवालीने मला न विचारता गाडी आणली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी रक्ताची गाठ विरघळवायचं औषध दिलं, मास्क लावलाच नाही. मी हटकलं तर म्हणाल्या, "काका, यांच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे. वाटच बंद असेल तर टाकीत कितीही असून काय?" अरे, नोझल तुंबलं असताना गॅस वाढवणाऱ्यांना मी हेच सुनावत आलो जन्मभर. पाऊण तास आधी आणलं असतं तर कदाचित हात वाचला असता, हेही त्या म्हणाल्या. मी खोदून विचारलं म्हणून.

ताई आता घरी आहे. उजवा हात उचलून उशीवर ठेवावा लागतो. शब्द तीन-चारच उरलेत. बाकी क्षेम.

तुझा भावजी

ता. क. : मुख्य गोष्ट लिहायची राहिली. (राहिली नाही, टाळली.) ताईला वाटतं, माझ्या टाकीनेच ती वाचली. भेटायला येईल त्याला ती डाव्या हाताने आधी शेड दाखवते, मग मला, आणि अर्ध्या तोंडाने हसते. लोक माझी पाठ थोपटतात. शिवणवाली तेवढी खाली बघते. मी तीनदा खरं सांगायला बसलो आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर बोलून उठलो. तू ये आणि तिला सांग.

आणखी ता. क. : सांगशील तेव्हा मलाही समोर बसव. शेडमध्ये काम आहे म्हणून मी उठेन. काम काही नसतं हल्ली.