दारातून परत गेलेला घास

प्रिय अप्पा,

तुमच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाची यादी गणेशनं परवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ज्याच्याशी तुम्ही सात वर्षं बोलत नव्हता, तो तालुक्याचा सोयरासुद्धा यादीत आहे, आणि किसनकाका नाहीत! फोन करून विचारलं, तर तुमचा धाकटा म्हणतो, "ऱ्हायलं असंल, अक्का." राहिलं? आपल्या गिरणीच्या ओट्यावर रोज सकाळी तुमच्याशेजारी बसणारं माणूस असं कसं राहील? माझा चौकशीखोर स्वभाव तुम्हाला माहीत आहे. उत्तर मिळाल्यावर ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

आरक्षणावरून गावात दोन तट पडलेत, हे इथं कुवेतमध्येही कळत होतं. आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आपल्या जिल्ह्याचा नवा टेक्निशियन आला, त्यानं नावाआधी आडनाव विचारलं. गावात म्हणे आता गिरण्याही दोन झाल्यात. अप्पा, बाजरी दळताना कुठल्या समाजाची ते कळतं का हो? फोनवर तुमचं मात्र एकच, "समदं ब्येस हाय." लेकीला एवढं तरी सांगायचं होतं!

माझी आणि गणेशची फोनवरची वादावादी ऐकून माझ्या इरानं विचारलं, "मम्मा, आर वी द गुड साइड?" नातीला तुम्ही काय सांगितलं असतंत? मी तिला गृहपाठाला बसवलं.

काल शुक्रवार, सुट्टी. मी अम्गऱ्याच्या भंगार बाजारात गेले. किसनकाकांचा बालाजी तिथं एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. त्यानं मला भंगारातल्या गाडीच्या सीटवर बसवलं, चहा आणला.

"बालाजी, अप्पा गेले त्या दिवशी काका का नाही आले रे?"

"जाऊ द्या ना अक्का."

जाऊ देणाऱ्यातली मी नाही. तेव्हा त्यानं आधी तुमचंच बिंग फोडलं! किसनकाकांच्या लोकांचा मोर्चा होता, तर तुम्ही त्यांना मोटारसायकलवरून सोडायला गेलात आणि मोर्चा संपेपर्यंत समोरच्या हॉटेलात भजी खात बसलात. पुढच्या आठवड्यात आपल्या लोकांचा मोर्चा, तेव्हा सोडायला काका. खरं का हे? येताना भांडत होतात की हसत होतात? कुणीतरी फोटो काढला आणि तो गावभर फिरला, हे तुम्हाला कळलं होतं का?

मग बालाजीनं मान खाली घालून उरलेलं सांगितलं. तुम्ही गेलात त्या दिवशी काकूंनी पिठलं-भाकरी केली. आपल्याकडं चूल बंद, पहिला कडू घास काकांच्याच घरून यायचा. आई गेली तेव्हाही त्यांचाच आला होता. काका डबा घेऊन आपल्या दारात आले.

"मग?"

"गणेशभाऊ दारात उभा व्हता. म्हनला, तुमचं नको."

अप्पा, तुमच्या दारातून कधी भिकारीही असा परत गेला नव्हता.

तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी बालाजी माझ्याकडं सबाह अल-सालेमला आला होता. पासपोर्ट अकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कामात अडकलेला, मला निघता येत नव्हतं. त्याच्या हातात डबा होता, स्वतः केलेलं पिठलं आणि जाड भाकरी. मी घास खाईपर्यंत तो हललाच नाही. गावचा माणूस म्हणून आला असेल, एवढंच मी समजले. वर डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून सुतकाच्या घरातून त्यात खजूर भरून दिले! बिचारा तेही घेऊन गेला.

"बाचा फोन आलता," बालाजी म्हणाला. "हितं घेतला न्हाई, तू अक्काला तरी पोचव म्हनला."

भर वर्कशॉपमध्ये मी रडले.

घरी आल्यावर गणेशला फोन लावला. तो उसळलाच. "तिथं बसून तुला काय कळतंय? तो फोटो फिरला तवा निम्मं गिऱ्हाईक तुटलं. पोरं मला गद्दार म्हनली." खरं सांगू? त्याला मी खोटं म्हणू शकले नाही. तुम्ही दोघं मित्र मजेत हिंडलात, निस्तरलं त्यानं. एकदा तरी त्याला जवळ बसवून विचारलंत का? हा माझा तुमच्यावरचा राग आहे.

मी त्याला म्हणाले, "तू परत पाठवलेला घास मी खाल्लाय, गणेश. अप्पा गेल्यावरचा माझा पहिला घास तोच होता."

पलीकडं त्यानं गिरणी बंद केल्याचं ऐकू आलं. मग त्यानं हळूच विचारलं, "काका काय म्हनले माझ्याबद्दल?"

"मला नाही माहीत. तू विचार."

अप्पा, तिकीट काढलंय. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी आवतण घेऊन किसनकाकांच्या दारात जाईन. गणेशला चल म्हणेन, तो आला नाही तर एकटी जाईन. त्यांनी दारातूनच "तुमचं नको" म्हटलं, तर तेही ऐकून घेईन, आणि दुसऱ्या दिवशी तुमचं पान वाढण्याआधी पुन्हा जाईन. हा शब्द तुम्हाला.

तुमचीच,
सुमन