बोटभर सैल

ता. १६ फेब्रुवारी

चि. मधलीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलताना आपला धाकटा, दोरा, शेजारीच पडलेला असतो, त्यामुळे तुला नीट काही सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. त्याला वरचेवर संसर्ग व्हायचा आणि डॉक्टरांनी सुंता करून घ्यायला सांगितलं होतं, हे तुला ठाऊक आहेच. जन्मभर हातात सुई धरणारा हा सव्वीस वर्षांचा घोडा, पण स्वतःच्या अंगाला टाके नकोत म्हणाला. चौकातल्या दवाखान्यात टाके न घालता रिंग बसवून करतात आणि सात दिवसांनी ती काढली की झालं, असं त्याला कळलं. सहा तारखेला एकटाच जाऊन बसवून आला. दोन दिवस दुकानात पाय फाकवून चालत होता आणि मी त्याला बदक म्हणून चिडवत होते.

तेरा तारखेला रिंग काढायला नेलं तेव्हा तो तापाने फणफणला होता. रिंग जागेवरून सरकलेली, सूज, आत पू. दवाखान्याने हात वर केले आणि गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे त्याच दिवशी ऑपरेशन झालं. ज्या टाक्यांना भ्याला ते अकरा पडले. सर्जन म्हणतात, जिवावरचं टळलं, पण सगळं पूर्वीसारखं होईल की नाही ते सहा आठवड्यांनी सांगू. तेव्हापासून दोरा भिंतीकडे तोंड करून पडून असतो. जेवायला उठवलं तर उठतो आणि परत भिंतीकडे वळतो.

रिंग बसवणारी ती चष्मेवाली नर्स. तिला मी सोडणार नाही. तिचे पांढरे कोट आपल्याच दुकानात शिवले जातात. खांदा पंधरा, गळा चौदा, तिचं माप माझ्या वहीत आहे. आत्तासुद्धा तिचा एक कोट बेतून पडलाय. माझ्या भावाला या अवस्थेला आणणारी बाई माझ्याच हातचा कोट घालून मिरवते, याचा विचार आला की कात्री हातात धरवत नाही.

तू तुझ्या हॉस्पिटलात अशा रिंगा बसवतेस, इतर नर्सना शिकवतेससुद्धा. तेव्हा तिने नेमकं काय चुकवलं ते मला कागदावर लिहून दे. नुसती बदली नको मला. ज्या रस्त्याने ती ऐटीत कामाला येते त्याच रस्त्याने रडत घरी जाताना मला दुकानाच्या दारातून बघायची आहे.

तुझ्या वाटची माया या रागातून वेगळी काढून ठेवली आहे.
तुझी आक्का

ता. २० फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून बसून राहिले. ज्या कामाचे धडे मी इतरांना देते त्याच कामाने आपला दोरा आडवा व्हावा, याचा मला तुझ्याइतकाच संताप आला आहे. फक्त मला तो कामाच्या वेळेत करता येत नाही.

तरी एक सांगते. ही रिंग बहुतेकांना सुखरूप जाते, पण दोन-तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून कराव्या लागतात. आधी कागदी पट्टीने माप घ्यायचं, ते शिकलेल्या माणसानेच. त्या मापाचीच रिंग लावायची. ती नीट बसली की नाही ते परत पाहायचं. आणि माणसाला घरी सोडताना बजावून सांगायचं की रिंग हलली, सूज आली, ताप आला, तर सातव्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. सरकलेली रिंग पहिल्या दिवशी दाखवली तर बरंच निभावतं. चार दिवस तशीच राहिली तर मात्र असं होतं.

म्हणून मला हे हवंय. रिंग कितव्या नंबरची होती, माप कुणी घेतलं आणि सूज पहिल्यांदा कुठल्या तारखेला दिसली. हे कळल्याशिवाय मी कुणाविरुद्ध अक्षर लिहिणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी नको. तुझा राग मी लहानपणापासून ओळखते. माझी वेणी ओढणाऱ्या मुलीच्या फ्रॉकचा घेर तू भर वर्गात उसवला होतास, आणि वेणी ओढणारी निघाली दुसरीच.

दोऱ्याला सांग, ताईने विचारलंय. माझ्यावर जीव ठेव, आणि थोडा धीरही.
तुझी मधली

ता. २४ फेब्रुवारी

चि. मधलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

संन्याशाची तुला बरी कणव आली. शिकून शहाणं झालं की माणूस आपल्या घरचा राहत नाही, असं बाबा म्हणायचे ते उगीच नाही.

मी तक्रार दिली. तीन प्रती काढल्या, आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर एक आपटली, एक दवाखान्यात दिली आणि एक माझ्या गल्ल्यात आहे. चौकशी दहा मार्चला ठेवली आहे. अधिकाऱ्यांना या कामातल्या जाणकाराचं लेखी मत हवंय. मी तुझं नाव दिलं. आता तू माझी बहीण आहेस की तिची, ते तिथेच कळेल.

कोटही शिवून ठेवलाय. गळा साडेतेरा केला. दिसायला फरक दिसत नाही, पण वरचं बटण लावलं की दिवसभर आवळत राहील. हा आपला किरकोळ वचपा, खरा दहा तारखेला.

तारखांचं काय घेऊन बसलीस? शाळेचे दोनशे गणवेश पंधरा तारखेला पोचवायचे होते, दोनशे शर्टांची काजं एकट्या दोऱ्यावर होती, कामाच्या गर्दीत कोण तारखा लिहून ठेवतं. सात दिवसांनी या म्हणाले, सात दिवसांनी नेलं.

मत लवकर पाठव. पाठवलंस तर आधीसारखीच लाडकी आहेस.
आक्का

ता. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
दोऱ्याचा सा. न. वि. वि.

तुझी विचारणा आक्काने मला सांगितली नाही. तुझं पत्र मशीनच्या खणात सापडलं, तेव्हा वाचलं. तिला कळलं तर मला काजाच्या भोकातून ओवून काढेल.

माप मीच घेतलं. नर्सने पट्टी काढली तेव्हा मी इतका लाजलो की कानशिलं तापली. तिने पट्टी माझ्या हातात दिली, कशी धरायची ते सांगितलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. तिच्या मनात चांगलंच होतं. पट्टी जिथे जुळली तो नंबर मला तंग वाटला. दुकानात बाबांचं वाक्य रोज ऐकत वाढलेला मी. तंग कपड्याचं गिऱ्हाईक भांडायला येतं, सैल कपड्याचं परत शिवायला येतं, म्हणून बोटभर सैल ठेवावं. मी पुढचा, एक मोठा नंबर सांगितला. तिने विश्वास ठेवला, परत मोजलं नाही. शिंपी पडलो, रिंगेलाही कपडा समजलो. आता हसू नकोस.

नऊ तारखेला, तिसऱ्या दिवशी, रिंग खाली सरकली. सूज दिसली. घरी जाताना दिलेल्या कार्डावर ठळक छापलेलं होतं की असं झालं तर लगेच या. ते कार्ड मी आक्कापुढे धरलं. तिने वाचलं. म्हणाली की दुखणं तर असणारच, सातव्या दिवशी काढतीलच, तोवर बसून होतील तेवढी काजं कर, गणवेश अडलेत. मी बसलो. मला उठून जाता आलं असतं, पण तिच्यापुढे उठायची मला सवय नाही. दोनशे शर्टांची सगळी काजं मी पुरी केली.

ताई, मला तिचा फार राग येतो. ती नर्सला शिव्या घालत माझ्या तोंडात भात भरवते तेव्हा तर जास्तच येतो. ती नर्स दोनदा वॉर्डात येऊन गेली, तेव्हा तिला मी हे सगळं सांगितलं. आक्काला मात्र माझ्याच्याने सांगवत नाही. तू वाच आणि ठेवून दे.

तुझा लाडका, अजून जिवंत असलेला,
दोरा

ता. ४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

माझं मत सोबत जोडलं आहे. त्यात नर्सला मी पाठीशी घातलेलं नाही. माप रुग्णाच्या हातात सोपवलं ही तिची पहिली चूक, रिंग बसल्यावर पुन्हा तपासली नाही ही दुसरी. लाजेपोटी नियम मोडणं म्हणजे दया नव्हे, असं मी स्पष्ट लिहिलं आहे. वाचून तुला समाधान वाटेल.

दोऱ्याने मला सगळं लिहिलं, त्या नर्सलाही त्याने वॉर्डात सांगितलं आहे. त्याने ठेवून दे म्हटलं होतं, मी ठेवत नाही, त्याचं पाप माझ्या माथी. कार्ड नऊ तारखेला तुझ्या हातात होतं. हे कळल्यापासून मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की तीन पत्रं लिहून फाडली. त्या चार दिवसांबद्दलचं वाक्य मला मतात लिहिता आलं असतं. शेवटी जागा कोरी सोडली आहे. सूडच घ्यायचा असेल तर अर्धा घेऊ नकोस.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून इतकंच. तरीही तुझीच,
मधली

ता. १५ मार्च

चि. मधलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते मशीनखाली सरकवलं आणि दोन दिवस पाय त्याच्यावर ठेवून शिवत बसले. शेवटी दहा तारीख उजाडलीच.

दोरा काठी टेकत आला होता. अधिकाऱ्यांनी तुझं मत वाचून दाखवलं. चष्मेवालीने पट्टी त्याच्या हातात दिल्याचं एका वाक्यात कबूल केलं, रडली नाही की सबबी सांगितल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, रुग्ण चार दिवस उशिरा का आला. मी खुर्चीची कड धरून बसले होते. ती म्हणाली की लगेच यायला हवं हे मी त्याला पुरेसं बजावलं नसावं. तिला सगळं माहीत होतं, मधले. कार्डावर काय छापलंय, कुणी ते वाचलं, काजं किती झाली, सगळं. माझं नाव तिच्या ओठांवर होतं आणि तिने ते गिळलं. कुणी कुणावर इतका मोठा सूड घेतलेला मी आजवर पाहिला नाही.

तिचे उपकार मी घेणार नव्हते. मी उठले आणि तू कोरी सोडलेली जागा भरायला अधिकाऱ्यांकडे पेन मागितलं. रुग्ण नऊ तारखेलाच येणार होता, त्याला मी, त्याच्या थोरल्या बहिणीने, कामासाठी बसवून ठेवलं, असं लिहून खाली सही केली. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग तक्रार मागे घेता का. मी नाही म्हणाले. तिची चूक तिची, माझी माझी.

तिला सहा महिने रिंगच्या कामावरून काढलं आहे, आणि पुन्हा शिकायला तुझ्याकडेच पाठवणार आहेत. तिला सोपं करू नकोस. शंभर मापं तुझ्यासमोर घ्यायला लाव, कुणी लाजलं तरी.

परवा ती कोट न्यायला आली. दुकानातच घालून पाहिला. वरचं बटण ओढून लावलं, चेहरा लाल झाला, तरी ती पैसे काढू लागली. मी तिच्यासमोर कॉलर उसवली आणि पुन्हा लावली. गळा चौदा, ना तंग ना सैल. ती निघून गेल्यावर बाबांचं ते बोटभर सैल मला आठवलं आणि मी पहिल्यांदाच त्यांच्यावरही चिडले.

सर्जन म्हणतात, जखम भरतेय, व्रण राहील, कदाचित आणखी एक छोटं ऑपरेशन लागेल. दोरा दुकानात येऊन बसतो. चौकशीच्या दिवसापासून माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. त्याने एकदा तरी माझ्यावर ओरडावं म्हणून मी मुद्दाम काजांच्या खुणा चुकीच्या ठिकाणी करते. तो मुकाट्याने खडू उचलतो, खूण पुसतो, बरोबर जागी करतो आणि सुई घालतो. त्याचा सूड चालू आहे. तो किती दिवस घेणार ते मी विचारणार नाही. त्याला काम थांबवून उठायचं असेल तर उठू दे, एवढंच मी सकाळी दुकान उघडताना मोठ्याने सांगते.

माझ्यावरचा राग हवा तितका ठेव, पत्र मात्र पाठवत जा.
तुझी आक्का